कूलरच्या खोलीत मुखपृष्ठं ठेवू नका

श्रोतेहो, नमस्कार. जुने सचित्र अंक जमवणाऱ्यांशी आज थोडं बोलायचं आहे.

चित्रकार दीनानाथ दलालांचा १९४५ साली सुरू झालेला 'दीपावली' घ्या, नाहीतर वपांच्या, म्हणजे चित्रकार वड्डादि पापय्यांच्या, चित्रांचा 'चांदोबा'. असे अंक रद्दीत अजूनही मिळतात, पण मुखपृष्ठासकट मिळणं कठीण. वाचनालयं वर्षाचे अंक एकत्र बांधून घेत, तेव्हा बाइंडर बहुधा मुखपृष्ठं नि जाहिराती काढूनच टाकी. घरोघरी चांगलं चित्र कापून सरळ फ्रेममध्ये जाई. त्यामुळे अखंड अंक दिसला की दोन पैसे जास्त गेले तरी सोडू नका.

घेताना अंक मधोमध उघडून पिना बघा. गंज कागद खातो आणि मुखपृष्ठ त्या भोकांपाशीच सुटतं. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग चित्रावर धरा. ब्लॉकवर, म्हणजे धातूच्या ठशावर, छापलेल्या तिरंगी चित्रात ठिपके रांगेत असतात आणि त्यांची कड गडद दिसते, कारण दाबामुळे शाई कडेला सरकते. ठिपके फवारल्यासारखे विखुरलेले असतील, तर ती हल्लीच्या प्रिंटरवर काढलेली नक्कल समजा.

आता घरातलं बघू. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. कोरड्या उष्णतेनं कागद ठिसूळ होतो, पुठ्ठ्याचा डिंक तडकतो, पण हे सावकाश होतं. खरं नुकसान कूलर करतो. दिवसभर ओली हवा, बंद केला की पुन्हा कोरडी. कागद फुगतो, आकसतो, मुखपृष्ठाला लाटा येतात. आर्ट पेपरवरचा गुळगुळीत थर ओलाव्यानं चिकट होतो आणि दोन मुखपृष्ठं एकमेकांना धरून बसतात. ओढलीत की चित्र गेलंच! आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशीही धरते. म्हणून कपाट कूलर नसलेल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. आत शंभरेक रुपड्यांचं का होईना, आर्द्रतामापक असू द्या.

गंजकी पिन चिमट्यानं उपटू नका. आतली दोन टोकं बोथट सुरीनं उभी करा, मग पाठीकडून पिन हळूच बाहेर काढा. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून आत गाठ मारा. फाटलं असेल तर सेलोटेप नको. त्याचा चिकटा पिवळा पडून चित्रात उतरतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, तीही मागच्या बाजूनं. लॅमिनेशन करून आणणाऱ्यांना तर हात जोडावेत.

अंक पॉलिएस्टरच्या पाकिटात, आडवे, दहाच्या वर थप्पी नको. पीव्हीसीचं पाकीट शाईला चिकटतं.

पावसात गठ्ठा भिजलाच, तर आर्ट पेपरचे अंक वाळू देऊ नका, वाळले की कायमचे चिकटतात. ओले असतानाच एकेक अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका. मग सवडीनं एकेक काढून, पानांमध्ये टीपकागद घालत पंख्याखाली वाळवा.