नाना ऐकत नाहीत
(लालबागमधल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पंखे थोडा वेळ बंद ठेवायला मी सांगितलं आहे. उकडेल, पण मागच्या रांगांमधल्या आजी-आजोबांना आता माझा शब्द जरा सुटा ऐकू येत असेल. पंख्याची घरघर तरुण कानाला जाणवतसुद्धा नाही. उतारवयातल्या कानासाठी मात्र ती समोरच्याच्या बोलण्यावर पसरलेली चादर असते.

आपल्या भाषेत 'ऐकणं' हे एकच क्रियापद दोन कामं करतं. आवाज कानावर पडतो तेही ऐकणं, आणि सांगितलेलं मानलं जातं तेही ऐकणंच. 'पोरगा ऐकत नाही' म्हटलं की तो बहिरा आहे असं कुणाला वाटत नाही, तो हट्टी आहे असंच वाटतं. गेली तीस वर्षं मी श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. या काळात किती म्हाताऱ्या माणसांचं या एका क्रियापदानं नुकसान केलं ते मी पाहिलं आहे. त्यातलं पहिलं माणूस आमच्याच घरातलं.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, १९६२ साली कोकणातून मुंबईत आले आणि कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, लागले. चार साच्यांवर एक माणूस. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे फेकला जायचा तेव्हा होणारा आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. आपल्याकडे कारखान्यातल्या आवाजाची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल धरली आहे. जुन्या धोट्याच्या मागांचं खातं ती सहज ओलांडायचं. आणि डेसिबलचा हिशेब पायऱ्यांचा नसतो. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायची. नाना घरीसुद्धा आईच्या तोंडाकडे बघत बसायचे. मला लहानपणी ते प्रेम वाटायचं. प्रेमही होतंच, पण त्यांना ओठ वाचायची गरजही होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. साचे थांबले. नानांच्या रेडिओचा आवाज मात्र कमी झाला नाही, उलट वाढला. ते गप्प गप्प राहायला लागले. कुणी आलं की हसून मान हलवायचे आणि गॅलरीत जाऊन उभे राहायचे. चाळीत सगळे म्हणायचे, 'संपानं माणूस खचला.' ते खोटं नव्हतं. पण आई स्वयंपाकघरातून 'अहो, ऐकलंत का?' म्हणून हाक मारायची तेव्हा ते वळायचे नाहीत, आणि खाली कट्ट्यावर गिरणीतल्या मित्रांशी मात्र तासन् तास बोलायचे. आईच्या जिव्हारी लागायचं ते हे. 'बाहेरच्यांचं ऐकू येतं, माझंच येत नाही.' ती हे शेवटपर्यंत म्हणत राहिली.

याचं उत्तर मला शिकायला लागल्यावर मिळालं. आपल्या कानाच्या आत खोलवर शंखासारखा एक भाग असतो, त्यात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात. आतल्या रांगेत साधारण साडेतीन हजार, बाहेरच्या रांगांमध्ये बारा हजारांच्या आसपास. एवढ्या पेशींवर आयुष्यभराचं ऐकणं चालतं, आणि माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजानं सगळ्यात आधी मार बसतो तो चार हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीतल्या आवाजांना. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, तिथे एक खड्डा दिसतो. पुरुषांचा खालच्या पट्टीतला आवाज त्या खड्ड्याच्या अलीकडे राहतो, म्हणून कट्ट्यावरचे मित्र कळतात. बायकांचा आणि मुलांचा आवाज उंच, त्यातली व्यंजनं आणखी उंच.

म्हणून आपली माणसं म्हणतात, 'ऐकू येतं गं, पण कळत नाही.' हे वाक्य इतकं अचूक आहे की निदान म्हणून केसपेपरवर तसंच लिहावं. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. 'चहा', 'सहा', 'दहा' हे तीन शब्द घ्या. पहिलं अक्षर काढलं तर तिन्हींत उरतं ते सारखंच. 'चहा घेणार का?' असं विचारल्यावर 'दहा वाजले असतील' असं उत्तर आलं की घरात हशा पिकतो. ज्याच्यावर हसतात तो पुढच्या वेळी उत्तरच देत नाही. गोळ्यांच्या बाबतीत 'सात' आणि 'साठ' यांची गल्लत झाली तर हसण्यासारखं काही राहत नाही.

तर नाना गप्प का झाले? कानामुळे, संपामुळे, की आईशी रोज होणाऱ्या त्या चकमकीमुळे? कानाच्या डॉक्टरकडे गेले असते तर कान तपासला गेला असता. मनाच्या डॉक्टरकडे गेले असते तर, आणि त्या काळी गिरणगावातलं कोण जात होतं, उदासीवर औषध मिळालं असतं. युनियनच्या माणसानं रेशनची सोय पाहिली असती. तिघांनीही आपापलं काम चोख केलं असतं आणि तरी नाना गॅलरीतच उभे राहिले असते. मला आज सांगायचं आहे ते या तिघांच्या मधल्या मोकळ्या जागेबद्दल. तिथेही संशोधन व्हावं लागतं. गेल्या काही वर्षांत ते होऊ लागलं आहे, म्हणून मी आज इथे उभी आहे.

२०११ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या फ्रँक लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६३९ माणसांचा बरीच वर्षं मागोवा घेऊन निष्कर्ष मांडले. सुरुवातीला ज्यांचं ऐकणं थोडं कमी होतं त्यांना पुढे डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट, मध्यम कमी होतं त्यांना तिप्पट, आणि फारच कमी होतं त्यांना पाचपट दिसला. यावरून बहिरेपणामुळेच स्मृती जाते असं सिद्ध होत नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, इतकंच. पण त्यानंतर हा विषय कान-नाक-घशाच्या विभागातून बाहेर पडला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शिया आयोगानं २०२४ मध्ये आपण बदलू शकतो अशी चौदा कारणं मांडली, त्यात मध्यमवयातला श्रवणदोष वरच्या क्रमांकावर आहे.

मग कानाला मशीन लावलं तर मेंदू वाचतो का? २०२३ मध्ये 'अचीव्ह' या अमेरिकन चाचणीचे निकाल आले. सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाचे ९७७ लोक, तीन वर्षं. एका गटाला श्रवणयंत्र आणि समुपदेशन, दुसऱ्याला आरोग्याविषयी सर्वसाधारण माहिती. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर दोन्ही गटांत फरक निघाला नाही. मात्र ज्यांना आधीपासून हृदयविकाराचा वगैरे धोका जास्त होता, त्या ठरावीक गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. जाहिरातींमध्ये तुम्हाला फक्त ते ४८ दिसतील. मशीन विकणाऱ्यानं अर्धीच गोष्ट सांगितली तर उरलेली अर्धी तुम्ही त्याला विचारा.

माझं लक्ष त्या चाचणीतल्या दुसऱ्याच एका तपशिलावर अडकलं. तिथे मशीन हातात देऊन माणसाला घरी पाठवलं नव्हतं. श्रवणतज्ज्ञाबरोबर तासातासाच्या चार बैठका झाल्या, पुढे ठरावीक काळानं पुन्हा भेटी. कुठे ऐकायला त्रास होतो, कुणाचं बोलणं कळत नाही, टीव्ही कुठे ठेवलाय, हे सगळं बसून बोललं गेलं. आपल्याकडे गर्दीच्या ओपीडीत एका माणसाला दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. मग ते मशीन कपाटात जातं आणि घरचे म्हणतात, 'एवढे पैसे घातले, पण ते ऐकत नाहीत.' पुन्हा तेच क्रियापद.

परळच्या एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं काही सांगत नाही. बहात्तर वर्षांच्या. एका दवाखान्यात त्यांची स्मरणशक्तीची चाचणी झाली होती. त्यात पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळानं परत विचारतात. बाईंना दोनच सांगता आले. कागदावर शेरा आला, घरी रडारड झाली. माझ्याकडे त्या तोल जातो म्हणून आल्या होत्या. मी कान पाहिले, एका कानात मळ दगडासारखा बसलेला, दोन्ही कानांत वयाचा श्रवणदोष. मळ काढला, त्यांच्या कानाशी आवाज वाढवायचं साधं उपकरण धरलं आणि तशीच पाच शब्दांची यादी, आधी प्रत्येक शब्द म्हणवून घेऊन, पुन्हा दिली. त्यांनी चार सांगितले. जो शब्द कानात शिरलाच नाही तो लक्षात राहणार कसा? स्मृतीच्या चाचण्या तोंडी असतात, उदासीच्या प्रश्नावल्याही बहुतेक वाचून दाखवल्या जातात. 'गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का?' या प्रश्नाला न ऐकलेला माणूस हसून 'हो हो' म्हणतो, कारण आयुष्यभर तो तेच करत आलेला असतो. त्या 'हो'चे गुण मांडले जातात. आधी कान बघा, मग मन मोजा, एवढी साधी शिस्त मी प्रत्येक तरुण डॉक्टरकडे हात जोडून मागते.

मनाच्या बाजूनं आपल्या शेजारीच मोठं काम झालं आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका केल्या. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आले. तीन महिन्यांनी अशा बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. उपचाराचा गाभा साधा आहे. माणसानं जे करणं सोडून दिलंय, ते छोट्या छोट्या पायऱ्यांनी त्याला पुन्हा करायला लावायचं. देवळात जाणं, बाजारात जाणं, बहिणीला फोन करणं.

आता ही यादी कमी ऐकू येणाऱ्या माणसासमोर धरा. देवळात गोंगाट, बाजारात भाव ऐकू येत नाही, फोनवर ओठ दिसत नाहीत. त्यानं सोडून दिलेली प्रत्येक गोष्ट ऐकण्याची आहे. 'बहिणीला फोन करा' हा सल्ला त्याच्यासाठी शिक्षा ठरू शकतो. पण व्हिडिओ कॉल लावून दिला, भाचीला समोर बसवलं, तर तोच सल्ला लागू पडतो. समुपदेशकाला कान कळायला हवा तो इथे. आणि मला मन कळायला हवं ते कानात सतत शिट्टी वाजते म्हणून झोप उडालेला माणूस येतो तेव्हा. बहुतेकांची ती शिट्टी बंद करणारं औषध आपल्याकडे नाही. विचार-वर्तन उपचारानं तिचा जाच कमी होऊ शकतो, याला मात्र चांगला पुरावा आहे. 'त्याला काही इलाज नाही' म्हणून त्याला परत पाठवणं हा माझ्या मते अन्याय आहे.

जन्मापासून बहिरे असलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मी आज ओझरता घेते. त्यांची सांकेतिक भाषा आहे, त्यांचा समाज आहे. मुंबईत माझगावला १८८० च्या दशकात बहिऱ्या मुलांची शाळा निघाली, १९६३ मध्ये नायर रुग्णालयात वाचा-श्रवण उपचारांचं शिक्षण सुरू झालं, १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आली. या शहराला परंपरा आहे. पण पन्नाशीनंतर हळूहळू ऐकणं गमावणारा माणूस या कुठल्याच दारात स्वतःहून जात नाही. त्याच्या दारात कुणीतरी जावं लागतं.

ते कुणी जावं? मी उत्तर शोधलं ते पालिकेच्या आरोग्य स्वयंसेविकांमध्ये. त्या आधीच घरोघरी जातात, कुणाच्या घरात कोण आजारी आहे हे त्यांना पाठ असतं. त्यातल्या काहींना मी चार गोष्टी शिकवते. माणसाच्या मागे उभं राहून हळू आवाजात नाव घ्या, वळतो का बघा. घरातल्या बाईला विचारा, भांडण कशावरून होतं. टीव्हीचा आवाज किती असतो ते शेजाऱ्याला विचारा. आणि मळ काढायला हेअरपिन वापरतात का, तेही. एकदा एक ताई मला म्हणाल्या, 'मॅडम, या खोलीतले आजोबा भांडखोर म्हणून आम्ही तिथे जायचोच नाही.' त्या आजोबांचा उजवा कान पूर्ण गेला होता. दार त्यांच्या उजवीकडे होतं. आलेला माणूस अचानक अंगावर आल्यासारखा वाटायचा, म्हणून ते दचकून ओरडायचे. आम्ही त्यांची खुर्ची फिरवली, दार डावीकडे आलं. ताई आता तिथे चहा घेतात.

चाळीत गॅलरी होती, तिथे येणारा माणूस लांबूनच दिसायचा. टॉवरमध्ये दार बंद आणि बेल बारीक आवाजाची. पुनर्विकासात घरं मोठी झाली, याचा मला आनंद आहे. पण बेलबरोबर लुकलुकणारा दिवा बसवून घ्या एवढं मी प्रत्येक सोसायटीला सांगते. आणि आपल्या उत्सवांबद्दल, इथे लालबागमध्ये उभं राहून, प्रेमानं सांगते. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगतात. ढोलपथकातल्या मुलांनो, इअरप्लग घाला. साच्यावरच्या माणसांना ते कुणी दिले नव्हते.

आता बाहेरच्या टेबलाकडे वळू. ज्यांच्या घरी मशीन कपाटात पडून आहे त्यांना ते आणायला सांगितलं होतं. आमच्या विद्यार्थिनी ते साफ करून, नळीतला मळ काढून देतील. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा, तांदळात नको. बॅटरीचा रंगीत स्टिकर काढला की ती हवेवर चालू होते, वापरा न वापरा उतरतच राहते. म्हणून स्टिकर आदल्या दिवशी काढून ठेवू नका, आणि काढल्यावर मिनिटभर थांबून मग ती आत घाला. नारिंगी स्टिकर तेरा नंबरच्या बॅटरीचा, तपकिरी तीनशे बारा नंबरच्या. बरोबर घरातलं एक माणूस आणा, शक्यतो ज्याच्याशी सगळ्यात जास्त भांडण होतं तेच. दोघांना समोरासमोर बसवायला तिथे खुर्च्या मांडल्या आहेत.