पाणी किती फुटावर हाय?

मंडळी, अण्णांच्या स्मरणार्थ आपल्या तालमीत जमलेल्या या सभेत बोलताना मी एक पथ्य पाळणार आहे. थोर कार्याचे गुणगान करायचे आणि आजारपण 'अखेरीस प्रकृती बरी नव्हती' एवढ्यावर उरकायचे, ही शोकसभांची रूढ रीत मी पाळणार नाही. कारण अण्णांची शेवटची सात वर्षे स्मृतिभ्रंशासोबत गेली आणि तीही त्यांच्याच आयुष्याची वर्षे होती.

पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार विनामूल्य करते आणि त्यासाठी होळीच्या सुमारास पेठापेठांतून शेणी दान येतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. आपल्या गल्लीतून त्या गोळा करण्याचे काम अण्णांकडे असे. हातगाडी घेऊन ते दारोदार जात, पाच-पाचाच्या थप्प्या लावत आणि कोणाकडून किती आल्या हे वहीत लिहीत. त्याच वहीच्या मागच्या पानांवर पावसाळ्यातली पाणीपातळी असे. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी आली की नदीकडच्या घरांना सांगायला ते निघत. 43 फुटांच्या धोका पातळीपर्यंत थांबणे त्यांना बेफिकिरी वाटे. घरात रविवारचा तांबडा रस्साही तेच करत, आणि मीठ बरोबर पडले का ते मात्र सुनेला विचारत.

पहिल्या खुणा आम्ही ओळखल्या नाहीत. वर्गणीची एकच पावती दोनदा फाडली गेली, हिशेबात तूट आली, आणि कट्ट्यावर कुजबुज सुरू झाली. कोणी 'म्हातारचळ' म्हणाले, कोणी 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसले. शेवटी आम्ही कार्यकर्त्यांनी वही त्यांच्याकडून काढून घेतली, तीही त्यांना न सांगता, ते घरी नसताना. त्या कार्यकर्त्यांत मी होतो. दुसऱ्या दिवशी ते दिवसभर वही शोधत होते आणि हरवल्याचा दोष स्वतःलाच देत होते, हे काकूंनी मला पुष्कळ उशिरा सांगितले.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-12 तपासले, कारण यांच्या कमतरतेनेही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. अण्णांचे निदान मात्र अल्झायमरचे झाले. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी 1906 मध्ये या आजाराचे पहिले वर्णन मांडले. अजून तो मुळापासून बरा करणारे औषध नाही. मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा, नव्या आठवणी साठवणारा भाग यात बहुधा लवकर बाधित होतो, म्हणून सकाळचा चहा आठवत नाही आणि चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट तपशिलासह आठवते. हातांत मुरलेली कसबे त्याहूनही चिवट असतात. भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यांतल्या किती घरांत त्याला अजून म्हातारचळच म्हणत असतील, कोण जाणे.

ही कसबांची गोष्ट त्यांच्या सुनेने कोणत्याही पुस्तकाविना ओळखली. रश्शात मीठ तीन-तीनदा पडू लागले तेव्हा तिने अण्णांना चुलीपासून दूर केले नाही; मिठाची बरणी तेवढी आपल्याकडे ठेवली आणि चिमूटभर मीठ त्यांच्या तळहातावर द्यायला सुरुवात केली. मसाला भाजताना तो कधी उतरवायचा हे त्यांना वासावरूनच कळे. आम्हीही उशिरा का होईना शहाणे झालो आणि होळीला त्यांना पुन्हा थप्प्या लावायला बसवू लागलो. ते पाचाच्या ठिकाणी कधी सात लावत. शेणीला काय फरक पडतो?

दिवेलागणीला मात्र त्यांची घालमेल होई. मे महिन्याच्या उन्हाळ्यातही ते चपला शोधत आणि विचारत, "पाणी किती फुटावर हाय?" सुरुवातीला मुलगा कॅलेंडर दाखवून समजावू पाही, मग आवाज चढे, मग दोघेही न जेवता झोपत. हळूहळू घराने एक उत्तर ठरवले : "उतराय लागलंय, अण्णा." ते ऐकले की ते चपला काढून ठेवत. हे खोटे बोलणे योग्य की अयोग्य यावर वाद घालणाऱ्यांनी तो प्रश्न एका संध्याकाळी वीस वेळा ऐकून पाहावा.

2021 च्या जुलैत नदी खरोखरच वाढली. अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि गडबडीत असलेल्या सुनेने सवयीने नेहमीचेच उत्तर दिले. ते दारापर्यंत गेले, खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "गटारीतनं पाणी उलटं याय लागलंय, आणि तू उतराय लागलंय म्हणतीस? आईचं गाठोडं आधी वर घे."

त्यांच्या आईला जाऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपल्या दोन नऊवारी एका चादरीत बांधल्या आणि ते गाठोडे अण्णांच्या हातात दिले. ते छातीशी धरून अण्णा जिना चढले, आणि वर पोहोचल्यावर त्यांनी विचारले, "शेजारच्यांना सांगितलं का?"