एका वर्षाचा पगार

मंडळी, अमेरिकेचा महिला बास्केटबॉल संघ म्हटलं की सुवर्णपदकंच आठवतात. १९९६ ते २०२४ या काळात आठ ऑलिंपिक झाली आणि आठही वेळा सुवर्ण याच संघानं नेलं. मला मात्र आज जास्त बोलायचंय ते हा संघ हरत होता त्या दिवसांबद्दल. ते हरणं का थांबलं, हे कळल्याशिवाय या पदकांचा अर्थ लागत नाही.

पुरुषांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आलं १९३६ साली. महिलांना त्यासाठी १९७६ च्या माँट्रियलपर्यंत थांबावं लागलं. तिथला पहिला सामना अमेरिका विरुद्ध जपान. ऑलिंपिकमधल्या महिला बास्केटबॉलचे पहिले गुण नोंदवले लुसिया हॅरिसनं. मिसिसिपीतल्या शेतकरी कुटुंबातली ही कृष्णवर्णीय मुलगी. पण तो सामना अमेरिका ७१-८४ असा हरली. पुढे सोव्हिएत संघानं तर ११२-७७ असा धुव्वा उडवला. त्यांच्याकडे उलियाना सेमियोनोवा होती, सात फुटांच्या आसपास उंचीची. सगळे तिच्या उंचीबद्दलच बोलत. माझ्या मते खरी ताकद वेगळीच होती. सोव्हिएत खेळाडू वर्षानुवर्षं एकत्र खेळत होत्या आणि अमेरिकेचा संघ स्पर्धेच्या तोंडावर गोळा केलेला होता. तरीही रौप्य मिळालं, हे त्या मुलींचं मोठेपण.

मुली तयार होत होत्या त्या कॉलेजांमध्ये. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेदभाव करता येणार नाही, असा कायदा १९७२ मध्ये झाला. हळूहळू मुलींना संघ मिळाले, प्रशिक्षक मिळाले, शिष्यवृत्त्या मिळाल्या. पण पदवी हातात पडली की पुढे काय? मायदेशी पोट भरेल अशी लीग टिकतच नव्हती. तेरेसा एडवर्ड्सचंच बघा. जॉर्जिया राज्यातली ही गार्ड, म्हणजे बास्केटपासून लांब राहून चेंडू खेळवणारी खेळाडू, १९८४ पासून पाच ऑलिंपिक खेळली, चार सुवर्णं आणि एक कांस्य तिच्या नावावर आहे. इतकी मोठी खेळाडू, पण कमाईसाठी तिला इटलीत, जपानमध्ये जावं लागलं. आपल्या देशातली सर्वोत्तम खेळाडू घरच्यांना खेळताना दिसतच नाही, ही गोष्ट मला फार लागते.

१९८४ चं सुवर्ण मिळालं तेव्हा सोव्हिएत संघ बहिष्कारामुळे आलाच नव्हता. पण १९८६ मध्ये त्याच संघाला मॉस्कोत जाऊन अमेरिकेनं हरवलं, तेही एकाच उन्हाळ्यात दोनदा. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकचं सुवर्णही आलं. मग गाडी अडली. १९९२ ला बार्सिलोनात उपांत्य फेरीत जुन्या सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघानं हरवलं. १९९४ च्या जागतिक स्पर्धेत ब्राझीलनं ११०-१०७ असं हरवलं. गुणवत्ता कमी नव्हती. जगभर विखुरलेल्या बारा जणींना एकमेकींचा खेळ कळायला वेळच मिळत नव्हता.

१९९६ चं अटलांटाचं ऑलिंपिक घरच्या अंगणात होतं. अमेरिकेच्या बास्केटबॉल महासंघानं १९९५ मध्ये ठरवलं, वर्षभर एकच संघ ठेवायचा आणि खेळाडूंना पगार द्यायचा, प्रत्येकी ५०,००० डॉलर. परदेशात यापेक्षा जास्त कमावू शकतील अशा खेळाडू त्यात होत्या, तरी त्या आल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रशिक्षक टारा व्हॅनडरव्हीर तिथून रजा घेऊन या संघाच्या प्रशिक्षक झाल्या. आधी देशातल्या कॉलेज संघांशी सामने, मग रशिया, चीन, ऑस्ट्रेलिया. ५२ सामने, ५२ विजय. यामागे प्रायोजक होते, टीव्हीचा हिशेब होता, महिलांच्या लीगला प्रेक्षक मिळतील का याची चाचपणी होती. असू दे. तो हिशेब करणाऱ्याला महिलांच्या खेळात पैसा दिसला, हीच त्या वेळी केवढी मोठी गोष्ट!

ऑलिंपिकमध्ये आणखी आठ सामने, आठ विजय. अंतिम फेरीत समोर तेच ब्राझील. १११-८७. लिसा लेस्लीचे २९ गुण, आणि बघायला जवळपास ३३,००० माणसं. त्याच वर्षी शरद ऋतूत महिलांची एक व्यावसायिक लीग सुरू झाली. ती फार टिकली नाही. पण १९९७ च्या जूनमध्ये सुरू झालेली डब्ल्यूएनबीए ही महिलांची दुसरी लीग आजही चालू आहे. अटलांटाच्या त्या संघातली बुटकी पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ रचणारी मुख्य गार्ड, डॉन स्टेली पुढे टोकियो ऑलिंपिकच्या सुवर्णविजेत्या संघाची प्रशिक्षक झाली.

आणि या लीगनं फक्त अमेरिकेलाच बळ दिलं असं नाही. परदेशी खेळाडूही तिथे खेळून तयार झाल्या. २०२४ च्या पॅरिसमधल्या अंतिम सामन्यात ते दिसलं. फ्रान्सची गॅबी विल्यम्स अमेरिकेत जन्मलेली, याच लीगमध्ये खेळलेली. तिनं शेवटच्या क्षणी लांबून टाकलेला बॉल बास्केटमध्ये गेला. पाय तीन गुणांच्या रेषेवर पडला होता म्हणून तीनऐवजी दोनच गुण मिळाले, आणि अमेरिका ६७-६६ अशी जिंकली.