उंबऱ्यावरचे दोन प्रश्न

[दृश्य : सोलापूरचा पूर्व भाग. सकाळ. मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाईचे हात. मागे यंत्रमागांचा खडखडाट.]

या फिल्ममध्ये तुम्हाला चेहरे दिसणार नाहीत, हात दिसतील. पान कापणारे, तंबाखू भरणारे, दोरा गुंडाळणारे. विड्या वळणाऱ्या या बायका मनाच्या आजाराबद्दल बोलायला तयार झाल्या त्या याच अटीवर, आणि अट रास्त होती. ‘सिव्हिलमध्ये डोक्याच्या डॉक्टरकडे जाते’ एवढं गल्लीत पसरलं तरी घरातल्या मुलीचं स्थळ फिरू शकतं.

[दृश्य : आशाताई, म्हणजे वस्तीतली आशा स्वयंसेविका, गल्लीत शिरते. काखेत पिशवी, हातात फॉर्म.]

तिच्या फॉर्मवर बीपी आहे, साखर आहे, तंबाखू आहे. शेवटाकडे दोन प्रश्न मनाचे. गेल्या दोन आठवड्यांत, एरवी आवडणाऱ्या कामात मन लागलं नाही, असं किती दिवस झालं? आणि उदास, निराश वाटलं, असं किती दिवस? एकदाही नाही, तर शून्य. जवळजवळ रोज, तर ३. दोन्हींची बेरीज ३ च्या वर गेली, की आरोग्य केंद्रात पाठवायचं.

कागदावर हे सोपं दिसतं. इथल्या घरात मात्र आई लेकराशी तेलुगू बोलते, दुकानदाराशी मराठी, आणि शेजारणीशी दोन्हींची मिसळ. ‘निराश’ हा शब्द या घरात कुणी वापरतच नाही. म्हणून आशाताई फॉर्म पिशवीत सरकवते, उंबऱ्याशी टेकते आणि विचारते, “एट्लुन्नव अक्का?” कशी आहेस?

पहिल्या दिवशी उत्तर येतं ते शरीराचं. “काही नाही ओ, डोकं जड होतं बघा.” छातीत धडधडतं. मान धरते. दिवसभर वाकून विड्या वळणाऱ्या बाईची मान दुखणारच, म्हणून मेडिकलमधून गोळी येते आणि विषय तिथंच संपतो. “मनसु मंचिग लेदु,” मन बरं नाही, हे वाक्य तिसऱ्या किंवा चौथ्या खेपेला येतं. म्हणजे कुणीतरी चार खेपा घालाव्या लागतात.

[दृश्य : सोलापूर स्टेशन. पहाटेची गाडी.]

एके काळी या वाक्याला पुढे एकच वाट होती, येरवड्याची. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच : ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. सोलापूरकराला जवळचं पुणं, तेही सुमारे २५० किलोमीटर. हुतात्मा एक्स्प्रेसनं माणसाला न्यायचं, म्हणजे सोबतच्याचीही रोजी बुडवायची. काहींना न्यायला माणसं होती, परत आणायला कुणी आलं नाही.

वाट बदलली ती हळूहळू. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. शेजारच्या कर्नाटकात, बल्लारी जिल्ह्यात, बेंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं करून पाहिलं, की प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या डॉक्टरला शिकवलं तर बरेचसे रुग्ण तिथंच सांभाळता येतात. त्याच नमुन्यावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. पुढे गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं आणखी धाडस केलं. डॉक्टर नाही, नर्स नाही, गावातल्याच माणसांना शिकवून समुपदेशक केलं. नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठका. त्याचा उपयोग होतो, हे रीतसर चाचण्या घेऊन दाखवलं.

त्या बैठकांत होतं काय? फार गूढ काही नाही. ‘मन लागलं की करीन’ असं रुग्ण म्हणतो. समुपदेशक क्रम उलटा करतो : आधी थोडं कर, मन मागून येईल. सोलापुरात सांगायचं तर संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी एक चक्कर. बहिणीला एक फोन. सुटलेली भिशी पुन्हा. पुढच्या खेपेला विचारायचं, केलंस का? नाही केलं, तर काय आडवं आलं?

[दृश्य : बंद गिरणीची भिंत. मग यंत्रमागाच्या कारखान्यातली रात्रपाळी.]

पुरुषांचं काय, हे विचारायला हवं. लक्ष्मी-विष्णू मिल १९९० च्या दशकात थांबली, आणि एका पिढीची पगाराची तारीखच गेली. मागावरचा माणूस आशाताईला घरी सापडत नाही. तो रात्रपाळीला तरी असतो, नाही तर झोपलेला, नाही तर प्यायलेला. त्याच्या मनाची खबर बायकोच्याच फॉर्मवर उमटते. ही या सगळ्या रचनेतली मोठी फट आहे, असं आम्हाला वाटतं.

[दृश्य : सिव्हिलची ओपीडी. रांग. गोळ्यांची पाकिटं.]

ज्यांना औषध लागतं, त्यांचं खरं काम इथून पुढे. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, आणि बाई म्हणते, औषध लागलं नाही. गुण आला की म्हणते, आता कशाला? दोन्ही वेळा गोळी सुटते. आणि सोलापूरचं ऊन! लिथियम, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढउतारांच्या आजारावरचं औषध, घेणाऱ्या रुग्णानं एप्रिल-मेमध्ये पाणी कमी प्यायलं, घामातून मीठ गेलं, तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाला हे दारात जाऊन सांगणारं कुणीतरी हवं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते मावत नाही.

कायदा आता बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं माणसाला साखळीनं बांधणं बंद केलं, सरकारी सेवा मिळण्याचा हक्क दिला. सरकारच्या ‘टेली-मानस’ हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीत आणि तेलुगूतही. हा नंबर आम्ही पडद्यावर मुद्दाम जरा जास्त वेळ ठेवतोय.

पण राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं २०१५-१६ मध्ये सांगितलं, की मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत लोक उपचाराविना राहतात. ही दरी बुजवायची भिस्त आपण कुणावर टाकली? जिला पक्का पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो, त्या आशाताईवर. तिला कुणी हे दोन प्रश्न विचारतं का, असं आम्ही विचारलं. ती हसली. “विचारा की,” म्हणाली, “फॉर्म माझ्याकडंच आहे.”

[दृश्य : पुन्हा तोच उंबरा. चौथी खेप.]

आज बेरीज ५ आली. आशाताई सांगते, गुरुवारी सिव्हिलला जाऊ, मी येते सोबत. हात विडी वळतच राहतात. बराच वेळ कुणी बोलत नाही.

“गुरुवारी माल द्यायचा असतो ओ,” ती म्हणते. “बुधवारी चालंल का?”