टाचणवहीतला आठवडा

नमस्कार, श्रोतेहो.

प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाला दर शनिवारी एक वही भरावी लागते. तिला आम्ही टाचणवही म्हणतो. येत्या आठवड्यात कोणत्या तासिकेला कोणत्या इयत्तेचा कोणता घटक घ्यायचा, त्याला साहित्य काय लागेल आणि शेवटी मुलांना काय यायला हवे, हे सारे तिच्यात आधीच लिहून ठेवायचे असते. गेली एकोणीस वर्षे मी ही वही भरतो आहे आणि ती नीट भरावी याच मताचा मी आहे, कारण टाचण न काढता वर्गात जाणाऱ्याची पहिली दहा मिनिटे खडू शोधण्यातच जातात. मात्र वहीतला आठवडा आणि वर्गात घडलेला आठवडा शेजारी शेजारी मांडले, तर ते एकाच शाळेचे आहेत हे शपथेवर सांगावे लागेल. गेल्या पावसाळ्यातल्या अशाच एका आठवड्याविषयी मी बोलणार आहे.

आमची शाळा सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीवर आहे. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथीची, द्विशिक्षकी शाळा. पट सव्वीस. शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले आहेत, त्यामुळे कागदावर आमचे काही उणे नाही. पण इयत्ता चार आणि शिक्षक दोन, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कायमचा जोडवर्ग येतो. पहिली-दुसरी आमच्या बाईंकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. मधली भिंत अर्धीच आहे. पूर्वी ती पूर्ण व्हावी म्हणून मी अर्ज करीत असे. आता करीत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

तो आठवडा जुलैअखेरचा होता. भाताची लावणी जोरात होती, त्यामुळे मोठ्या मुलांपैकी दोघेतिघे उशिरा येत आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊनच वर्गात शिरत. सोमवारच्या टाचणात तिसरी-चौथीसाठी परिसर अभ्यासाचा 'पाऊस' हा घटक होता आणि साहित्याच्या रकान्यात 'पर्जन्यमापक, टाकाऊ वस्तूपासून' असे मी मोठ्या उत्साहाने लिहिले होते. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली मानेपाशी कापली, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा वर बसवला. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून तळात खडे टाकून ते बुडेपर्यंत पाणी भरले, त्या पाण्याच्या रेषेला शून्य मानले आणि तिथून वर मिलिमीटरच्या खुणा असलेली कागदी पट्टी चिकटटेपने बसवली. बाटली वाऱ्याने पडू नये म्हणून ध्वजस्तंभाच्या चौथऱ्याजवळ विटांच्या कोंडाळ्यात ठेवली. एवढे झाले की घटक संपला, असे टाचण म्हणत होते.

तिसरीतल्या एका मुलाला ते पटले नाही. "गुरुजी, बाटलीचं तोंड बारकं हाय. डब्यात जास्त पाऊस पडंल," तो म्हणाला. पोषण आहाराच्या खोलीतून एक सरळ कडांचा रिकामा पत्र्याचा डबा आणून तोही शेजारी ठेवला. मंगळवारी परिपाठ झाल्यावर सगळे तिकडे धावले. बाटलीत 41 मिलिमीटर पाऊस होता. डब्यात पट्टी उभी धरली, तर तिथेही पाणी जवळजवळ तेवढेच उंच. मुलगा खट्टू झाला, पण हार मानणारा नव्हता. त्याने रिकाम्या केलेल्या बाटलीत डब्यातले पाणी ओतायला सुरुवात केली. बाटली काठोकाठ भरून पाणी त्याच्या पायावर आले, तरी डब्यात बरेच उरले होते. "मग डब्यात जास्त पडला का न्हाय?" त्याचा प्रश्न रोकडा होता.

श्रोतेहो, पाणी जास्त साठले पण पाऊस तेवढाच पडला, हे वाक्य बोलायला सोपे आहे. आठ वर्षांच्या मुलाला ते पटवून देणे ही वेगळी गोष्ट आहे. शेवटी चौथीच्या मुलींनी अंगणातल्या फरशीवर दोन चौकोन आखले, एक वहीएवढा आणि एक सतरंजीएवढा, आणि दोन्हींवर पाणी एकाच उंचीपर्यंत चढवायचे तर कुठे किती तांबे लागतील, याचा अंदाज बांधायला लावले. यात दोन तासिका गेल्या. टाचणात त्या वेळी मराठीची कविता होती. कवितेचे काय झाले, ते शेवटी सांगतो.

पलीकडे बाईंच्या वर्गात, त्याच मंगळवारी, दुसरीचे संख्यावाचन चालले होते आणि अर्ध्या भिंतीवरून ते मला स्पष्ट ऐकू येत होते. मराठीतल्या संख्यांची नावे हा आमच्या धंद्यातला जुना पेच आहे. आपण लिहितो दशक आधी आणि एकक नंतर, पण बोलतो उलटे. सत्तेचाळीस म्हणताना कानावर आधी सात पडतो, मग चाळीस. जे आधी ऐकले ते आधी लिहिणारे मूल प्रामाणिकपणे 74 लिहिते. त्यात 'एकोण'ची भर. एकोणतीस ऐकले की तीस ऐकू येतात, म्हणून मूल 39 लिहिते. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, हे त्याला कुणी उलगडून सांगितलेले नसते. 2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' या रूढ नावाच्या जोडीला 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता, हे आपल्याला आठवत असेल. तेव्हा मीही चेष्टा करणाऱ्यांत होतो. पुढे एका वर्षी पहिली-दुसरी माझ्याकडे आली आणि माझी चेष्टा संपली. आमच्या बाई दोन्ही करून घेतात. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मांडून आधी 'चाळीस आणि सात', मग लगेच 'सत्तेचाळीस'. पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधतात, पोहता आले की सोडतात. तसे ते आहे. भोपळा बांधल्याने पोहण्याची परंपरा बुडत नाही.

बुधवारी बाईंना तालुक्याला प्रशिक्षणासाठी जावे लागले आणि चारही इयत्ता माझ्या एका खोलीत आल्या. टाचणात अशा दिवसासाठी रकाना नसतो. पहिलीला पाटीवर अक्षरे गिरवायला दिली, दुसरीला काड्या दिल्या, तिसरीला जिल्ह्याचा नकाशा रंगवायला दिला आणि चौथीला पोषण आहाराचा हिशेब दिला. हा हिशेब मी मुद्दाम मुलांकडून करून घेतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ असे प्रमाण आहे. त्या दिवशी हजर तेवीस, म्हणजे 2300 ग्रॅम. आठापैकी तिघांनी त्याचे उत्तर '2 किलो 3 ग्रॅम' असे लिहिले. मी काही बोललो नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे त्यांना पाठवले आणि उरलेल्या तीन ग्रॅमचे तांदूळ तराजूत मोजून मागा, असे सांगितले. मावशींनी त्यांच्या तळहातावर चिमूटभर तांदूळ ठेवले आणि विचारले, "एवढ्यात तिघं जेवणार का रं?" शून्याची किंमत मी वर्षभर फळ्यावर सांगत असतो, तिला चिमटीची सर नाही.

एवढ्यात पावसाची नोंद घेणारी चौथीतली मुलगी आत आली. त्या सकाळची नोंद 58 मिलिमीटर होती. तिने फळ्यावर कालचे 41 आणि आजचे 58 एकाखाली एक मांडले आणि बेरीज केली, 99. ती पुढचे बोलण्याआधीच दुसरीतला एक मुलगा काड्यांवरून मान वर करून ओरडला, "एकोणशंभर!"

सगळा वर्ग हसला. मला हसू आले नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असे करीत एकोणनव्वदपर्यंत आठ वेळा हा नियम चालतो आणि नवव्या वेळी, नेमका शंभराच्या उंबऱ्यावर, आपण 'नव्व्याण्णव' म्हणून तो मोडतो. आदल्या दिवशी शिकलेला नियम त्या पोराने शेवटपर्यंत पाळला होता. नियम भाषेने मोडला होता, त्याने नव्हे. मी त्याचा शब्द फळ्यावर लिहिला, त्याच्या शेजारी नव्व्याण्णव लिहिला आणि तुझा शब्द बरोबर असूनही लोक हा दुसरा वापरतात, असे सांगितले. "का?" असे त्याने विचारले. जुन्या लोकांपासून तसेच चालत आले आहे, एवढेच उत्तर मला देता आले. आता अर्ध्या भिंतीचे सांगतो. या मुलाला मिलिमीटर कुणी शिकवले नव्हते, दोन संख्यांची उभी मांडणीही चौथीची होती. तो फक्त ऐकत होता. आमच्याकडे पहिलीचे मूल चार वर्षांत चौथीचा अभ्यास चार वेळा ऐकते. जोडवर्गाच्या अडचणी मी रात्रभर सांगू शकेन, पण ही एक गोष्ट मोठ्या शहरी शाळांच्या बंद वर्गांत होत नाही.

बुधवारी दिवसभर आणि रात्रभर पावसाने झोडपले. गुरुवारी सकाळी बाटलीत 95 मिलिमीटर पाऊस होता आणि ओढ्यावरच्या साकवावरून पाणी वाहत होते, त्यामुळे पलीकडच्या वस्तीवरची मुले आली नाहीत. हजेरी सतरा. गुरुवारचे एवढेच.

शुक्रवारी चौथीला जोडाक्षरे होती, त्यातही 'र'ची. हा वर्ण फार सोंगे घेतो. 'सूर्य'मध्ये तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, 'चक्र'मध्ये पायाशी तिरकी रेघ होतो, 'ट्रक'मध्ये 'ट'च्या खाली छपरासारखा येतो आणि 'दोऱ्या'मध्ये अर्धा होऊन पुढच्याला चिकटतो. रफार मुलांना सर्वांत जड जातो, कारण तो लिहायचा नंतर आणि म्हणायचा आधी. आकाशवाणीवर मला फळा नाही, म्हणून उच्चारूनच सांगतो. दर्या आणि दऱ्या. पहिल्या शब्दात 'द'वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. पहिला म्हणजे समुद्र, दुसऱ्या म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. आमच्या वर्गाच्या खिडकीतून चार दऱ्या दिसतात, पण सव्वीसपैकी समुद्र पाहिलेली मुले दोनच. त्यामुळे मुलांनी दोन्ही शब्द 'दऱ्या' असेच वाचले आणि 'कोळी दर्यात होडी घेऊन गेला' या वाक्यावर वर्गात गंभीर चर्चा झाली. एका मुलीचे म्हणणे असे, की या पावसात कुठल्याही दरीत होडी चालेल. तिला चूक ठरवणे मला तरी जमले नाही.

तिसरीचा नकाशाही शुक्रवारीच पूर्ण झाला. सातारा जिल्ह्याचे अकरा तालुके. पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि पूर्वेला फलटण, माण, खटाव. एका मुलीची मावशी माणला दिली आहे. तिने सांगितले, की मावशीच्या गावाला अजून पेरणीपुरताही पाऊस नाही. मुलांना ती थाप वाटली. एकाच जिल्ह्यात, एकाच आठवड्यात, एकीकडे साकव बुडावा आणि दुसरीकडे माणसांनी आभाळाकडे पाहत बसावे, हे नऊ वर्षांच्या डोक्यात बसत नव्हते. ढग घाटमाथ्यावर चढताना पाऊस टाकतात आणि पूर्वेकडे उतरेपर्यंत रिकामे होत जातात, हे मी ओल्या फडक्याने दाखवले. वर नेताना पिळले, पुढे नेऊन पुन्हा पिळले. दुसऱ्या वेळी चार थेंब आले. ते चार थेंब त्या मुलीने नकाशातल्या माण तालुक्यावर पाडून घेतले आणि रंग पसरला.

शनिवारी सकाळची, दप्तराविना शाळा असते. शुक्रवारची नोंद 33 आणि शनिवारची 22 मिळून पाच नोंदींची बेरीज 249 मिलिमीटर झाली. माणमध्ये वर्षाकाठी सरासरी 500 मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, असे मी सांगितले, तेव्हा चौथीच्या मुलांनी आपणहून निम्मे करून पाहिले आणि काही वेळ कुणी बोलले नाही. मग तिसरीतल्या त्याच डबेवाल्या मुलाने विचारले, "गुरुजी, रविवारचा पाऊस कोण मोजणार?" रविवारी शाळेला सुट्टी असते, पावसाला नसते. एकोणशंभरवाल्या मुलाचे घर शाळेच्या कुंपणाला लागून आहे. पट्टी वाचून पाटीवर लिहायची, बाटली रिकामी करून पुन्हा शून्याच्या रेषेपर्यंत पाणी भरून ठेवायची, एवढे काम त्याच्यावर सोपवले. टाचणाच्या कोणत्याही रकान्यात हे बसत नव्हते.

सोमवारी परिपाठाआधीच तो पाटी छातीशी धरून उभा होता. "अडतीस," त्याने सांगितले. पाटीवर 83 होते. बाटली त्याने सांगितल्याप्रमाणे काटेकोर रिकामी केली होती, त्यामुळे खरे काय ते पाहण्याची सोय उरली नव्हती. बोललेले खरे की लिहिलेले खरे, यावर ओळीतच दोन तट पडले. चौथीतली नोंद घेणारी मुलगी पुढे आली. 95 झाले त्या दिवशी साकव बुडाला होता, 83 झाले असते तर तो निदान ओला तरी झाला असता, आणि काल संध्याकाळी आम्ही त्यावरून कोरड्या पायांनी गेलो, असे तिने सांगितले. पलीकडच्या वस्तीवरच्या मुलांनी माना डोलावल्या. दुसरीतल्या मुलाने थोडा विचार केला, बोटाने पाटी पुसली आणि दोन्ही अंक जागा बदलून पुन्हा लिहिले.

टाचणात त्या सोमवारी पहिल्या तासिकेला मागच्या आठवड्यात राहिलेली कविता लिहिलेली होती. ती मंगळवारी झाली.