हिरडीतून रक्त येत नाही म्हणून

नमस्कार, श्रोतेहो. माणसाच्या तोंडात मिळून ७०० हून जास्त जातींचे जिवाणू आढळले आहेत. बहुतेक निरुपद्रवी. बिडी-सिगारेटच्या धुरानं हिरडीच्या फटीत प्राणवायू कमी पडतो, आणि प्राणवायूशिवाय जगणारे, हिरडी पोखरणारे जिवाणू माजतात. तरी रक्त येत नाही. लक्षात ठेवा, रक्त येत नाही.

तुर्भ्याच्या मार्केटातले एक माथाडी मामा वाशीला माझ्या दवाखान्यात आले. घामेजला शर्ट बघून बाकावरची माणसं सरकून बसली. ज्यांनी वाहिलेली भाजी आपण खातो, त्यांच्याशेजारी बसायला कसली लाज? असो. मामांचा दात हलत होता. हिरडी फिकट, घट्ट, वरून छान. पण फटीत प्रोब, म्हणजे खोली मोजायची बारीक सळई, घातला तो ७ मिलिमीटर आत गेला. निरोगी हिरडीत तो ३ पर्यंत जातो. म्हटलं, "मामा, बिडी सोडा आणि सफाईला या."

बिडी सोडली. सफाईला काही आले नाहीत. महिन्याभरानं आले ते तणतणत, मामींना घेऊन. "बाई, बिडी हुती तवर टिपूस न्हवता. सोडली आन् बरश लाल! बिडीच बरी हुती."

मामींनी विचारलं, "मग वडू द्यायची का ह्यांना?"

मी आरसा धरला. म्हटलं, निकोटीननं रक्तवाहिन्या आवळल्या होत्या. आजार होताच, मामा. रक्त तेवढं दबलं होतं. मामींना लगेच पटलं. त्यांनीच मामांना खुर्चीत बसवलं. सफाई झाली, हळूहळू रक्त थांबलं. तो दात मात्र गेला.

व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे, तरी पोरांच्या खिशात ते सापडतं. २०२० च्या एका अमेरिकी अभ्यासात, हिरड्या वरवर निरोगी असलेल्या व्हेप ओढणाऱ्यांच्या तोंडातही हिरडीच्या रोग्यांसारखे जिवाणू दिसले.

तोंडातले जिवाणू झोपेत थोडेथोडे फुफ्फुसात उतरतातच. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस त्यांना कफाबरोबर वर ढकलतात. धूर हे केस लुळे करतो, म्हणून ओढणाऱ्यांना न्यूमोनिया लवकर गाठतो.

ओढत असाल तर रक्त येत नसलं तरी हिरडी तपासून घ्या. सोडल्यावर रक्त दिसलं तर दवाखान्यात या, पुन्हा पेटवू नका. सोडायला मदत हवी तर मोफत नंबर लिहून घ्या: १८०० ११ २३५६. पुन्हा सांगते, १८०० ११ २३५६.