पहिल्या वर्षाला कोण शिकवतं?

(दृश्य: कॉलेजची छोटी खोली, टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या)

फिलाडेल्फियाजवळचं स्वार्थमोर कॉलेज. मे महिना. टेबलापलीकडे बाहेरून परीक्षक म्हणून आलेले एक प्राध्यापक, अलीकडे शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. दोघं एकमेकांना पहिल्यांदाच भेटतायत. ऑनर्सचा तिचा लेखी पेपर यांनीच काढला, यांनीच तपासला. आता तोंडी परीक्षा. "इथे तुम्ही असं लिहिलंय. का?"

तिला शिकवणारे सर या खोलीत नाहीत.

ही पद्धत इथे १९२२ पासून चालत आली आहे. तेव्हाचे अध्यक्ष फ्रँक एडलॉट ऑक्सफर्डला शिकलेले, तिथलं बघून त्यांनी ती सुरू केली. आपल्याकडे बाहेरचा परीक्षक म्हटलं की प्रॅक्टिकलचा दिवस आठवतो, जर्नलवरच्या सह्या आठवतात. इथे बाहेरचा माणूस खोदून खोदून विचारतो. त्यात मुलीची परीक्षा होते, आणि तिला शिकवणाऱ्यांचीही.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर क्रमवारीची यादी)

मुलांना परदेशी पाठवायचं ठरलं की घरात आधी उघडली जाते ती रँकिंगची यादी. २००३ पासून निघणारं शांघाय रँकिंग घ्या. १०० पैकी ४० गुण शोधनिबंधांना, २० सर्वाधिक संदर्भ घेतले जाणाऱ्या संशोधकांना, २० प्राध्यापकांच्या नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पदकांना. १० गुण याच कामगिरीला प्राध्यापकसंख्येने भागून. राहिले १०, ते 'शिक्षणाच्या दर्जा'चे. तो मोजतात कसा? माजी विद्यार्थ्यांना मिळालेल्या नोबेल आणि फील्ड्स पदकांवरून. वर्गात कोणी डोकावतच नाही.

नोबेलच बघायचं तर १९७५ चं वैद्यकशास्त्राचं बघा. तिघांत वाटलं गेलं, आणि त्यातले दोघे, हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर, याच छोट्या स्वार्थमोरमधून पदवी घेऊन बाहेर पडलेले.

(दृश्य: उतरत्या बाकांचा मोठा लेक्चर हॉल)

म्हणून मोठं विद्यापीठ वाईट? तसं मी म्हणणार नाही, आणि त्याला कारण आहे कॅनडातला एक प्रयोग. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्र. दोन तुकड्या, एकीत २६७ मुलं, दुसरीत २७१. नोबेलविजेते कार्ल वीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका आठवड्यापुरता बदल केला. एका तुकडीला मुलांचे आवडते, अनुभवी प्राध्यापक नेहमीसारखं व्याख्यान देत राहिले. दुसरीवर आला पीएचडी झालेला एक तरुण, शिकवण्याचा अनुभव जेमतेम. त्याने व्याख्यान दिलंच नाही. वाचन वर्गाआधी. वर्गात प्रश्न, शेजाऱ्याशी वाद, हातातल्या क्लिकरवर, म्हणजे छोट्या रिमोटवर, बटण दाबून उत्तर, आणि चुकलं कुठे ते तिथल्या तिथे.

मग दोन्ही तुकड्यांना एकच चाचणी. व्याख्यानाच्या तुकडीची सरासरी ४१ टक्के. दुसरीची ७४. हा निकाल २०११ साली प्रसिद्ध झाला.

अडीचशेच्या वर मुलं, तोच हॉल, तेच बाक. बदलली ती तास घेण्याची पद्धत.

(दृश्य: लॅब रिपोर्टांचा गठ्ठा, लाल पेन)

तेव्हा यादी मिटवा आणि एक फोन लावा. आपल्या पुण्या-नागपूरची कितीतरी मुलं अमेरिकेत पीएचडी करता करता टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, म्हणून पहिल्या वर्षाचे वर्ग सांभाळतात. ओळखीतला असा एखादा दादा, एखादी ताई सापडेलच. त्यांना विचारा: पहिल्या वर्षाला कोण शिकवतं? लॅब रिपोर्ट कोण तपासतं? आणि चूक सापडली, तर त्या मुलाला शेजारी बसवून समजवायला तुम्हाला वेळ मिळतो का?